मुक्ताबाईंचा राखणदार

तिसगावच्या ख्रिस्ती आळीत मुक्ताबाईंइतकी देवदूतांची खडान्‌खडा माहिती कोणालाच नव्हती. पाद्रीसाहेब वर्षातून दोनदा नगरहून यायचे, देवदूत हे देवाचे निरोपे असतात, त्यांना आपल्यासारखा देह नसतो, एवढं सांगून परत जायचे. मुक्ताबाईंचं तेवढ्यावर कसं भागणार? देह नाही तर राखण कशी करायची? नाताळात वाटलेल्या चित्रांतला गोबऱ्या गालांचा, पंखवाला देवदूतही त्यांना पसंत नव्हता. तसलं नाजूक पोर वासरू तरी राखील का, असं त्या म्हणत. त्यांचा राखणदार अंगापिंडानं मजबूत होता आणि सदा त्यांच्या उजव्या खांद्याशी उभा असायचा. म्हणून त्या उजवीकडे कधी थुंकल्या नाहीत, आणि झोपतानाही चटईवर उजवीकडे हातभर जागा मोकळी सोडत.

मोठ्या दुष्काळात आईबापांनी थोरल्या मुक्तीला मिशनच्या अनाथाश्रमात सोडलं आणि धाकट्या दगडाबाईला कडेवर ठेवलं. थोरलीचा बाप्तिस्मा होऊन मरिया नाव पडलं, पण ते रविवारपुरतंच राहिलं. धाकटी मरीआईच्या पदराखाली वाढली. आता पन्नाशी उलटली तरी दोघी बहिणी एकाच गावात, दोन आळ्यांत राहून देवावरून भांडत होत्या.

"आक्का, तुझ्या दूताला तोंड हाय का? आमची बया अंगात येऊन बोलती," दगडाबाई म्हणायची.

"बोलती, आन् वर कोंबडं मागती," मुक्ताबाई म्हणत. "माझा फुकट राखतो."

दुसऱ्या महायुद्धाच्या पाचव्या उन्हाळ्यात गावात पटकी आली. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि लोक मिळेल ते पाणी पीत होते. मुक्ताबाईंच्या घरात त्या आणि पाच वर्षांची नात कृपा, एवढी दोनच माणसं. सून बाळंतपणात गेलेली. मुलगा योसेफ पलटणीबरोबर दूर कुठं तरी होता. निघताना "आये, पोरीला संभाळ," एवढंच बोलला होता. सोमवारी सकाळी शेजारच्या लीनाच्या मुलाला ढाळ सुरू झाले आणि दिवस कलायच्या आत त्याला पुरून लोक परत आले. आदल्याच दिवशी तो आणि कृपा एका तांब्यातून पाणी प्यायले होते. मुक्ताबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांना आणखी एक देवदूत ठाऊक होता, पण दर रविवारी आळीतल्या मुलांना गोष्टी सांगताना त्या त्याच्याविषयी कधी बोलत नसत. तो कोणाची राखण करत नाही. तो हातात तलवार घेऊन मिसर देशात घरोघर थोरली लेकरं मारत फिरला होता आणि ज्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं होतं तेवढंच घर त्यानं न शिवता ओलांडलं होतं. आता तो तिसगावात शिरला आहे, याविषयी मुक्ताबाईंना शंका उरली नाही. लीनाच्या घरी तो येऊन गेला. पुढचं दार त्यांचं होतं.

कोकरू कुठून आणणार? योसेफ परत येईल तेव्हासाठी राखलेला एक कोंबडा होता. देव गरिबाचं कोंबडं चालवून घेईल, असं म्हणत त्यांनी दिवेलागणीला सुरी लावली. दोन्ही खांबांना आणि वरच्या पट्टीला रक्ताचा पट्टा ओढला, दार लावलं, आडणा घातला. सकाळ होईपर्यंत कोणी उंबऱ्याबाहेर जायचं नाही, असंही बायबलातल्या त्या गोष्टीत होतं.

दाराआड बसलेल्या मुक्ताबाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. पटकीची लस टोचणारी सरकारी माणसं सोमवारीच गावात उतरली होती. ज्या घरातल्या सगळ्यांना टोचून झालं, त्या घराच्या चौकटीला ती गेरूचा पट्टा ओढत होती. मंगळवारी तांबडं फुटता फुटता ती ख्रिस्ती आळीत आली.

आत मुक्ताबाई कृपाला छातीशी धरून बसल्या होत्या. बाहेर पावलं वाजली. ती लीनाच्या दारी थांबली, मग त्यांच्या दारी आली. कोणी तरी चौकटीशी उभं होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. कृपा "कोण हाय?" म्हणायला गेली, तसा मुक्ताबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. पोर गुदमरून धडपडली तरी त्यांनी हात काढला नाही. बाहेरच्या रंगनाथ टोचणाऱ्यानं वाळून तांबूस झालेला पट्टा पाहिला, जोडीदार इथं येऊन गेला असं समजला आणि पुढं चालू लागला. पावलं लांब गेली. मुक्ताबाईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. इतक्या मनापासून त्यांनी आयुष्यात कधी मानले नव्हते.

उजाडल्यावर त्यांनी दार उघडलं. आळीतल्या बाया दंड चोळत उभ्या होत्या. शाळेचे शांतवन मास्तर बाही खाली ओढत म्हणाले, "तुमचं बरं आधीच उरकलं, मुक्ताबाई. पोरगी रडली का फार?"

"काय उरकलं?"

"टोचून घेतलंत ना? चौकटीवर खूण आहे की."

मुक्ताबाईंनी चौकटीकडे पाहिलं, मास्तरांच्या दंडाकडे पाहिलं. राखायला आलेल्याला त्यांनी स्वतःच्या हातानं दारावरून परत लावलं होतं.

"कुठं गेली ती मानसं?"

"टांगा पाथर्डीच्या वाटेला लागला. आता आठ दिवसांनी येतील. थांबा, मी जातो, मुक्ताबाई—"

कृपाला पाठीशी बांधून मुक्ताबाई केव्हाच निघाल्या होत्या. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता. आठ दिवस पटकी कोणासाठी थांबते? वाटेत कृपा म्हणाली, "आजे, पोटात कसंतरी हुतंय," आणि मुक्ताबाई दुखऱ्या पायानं पळू लागल्या. पोर भुकेली होती की दुसरं काही, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. त्या उजव्या खांद्याला म्हणत होत्या, "त्याला थांबव. एवढं कर, थांबव त्याला." टांग्याला माणूस धावून पुरा पडत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

शिवेवर टांगा उभा होता.

त्याच्यापुढं सगळा रस्ता अडवून मरीआईचा गाडा चालला होता. हलगी, लिंब, हळदीकुंकू. पटकी गावाबाहेर घालवायला अर्धं गाव गाड्यामागं लोटलं होतं. रंगनाथ घाई करत होता, पण टांगेवाला लगाम सैल सोडून बसला होता. "बयेच्या गाड्याला मागं टाकून मी जायचा न्हाई सायेब, नोकरी घ्या माझी."

मुक्ताबाईंनी टांग्याचं चाक धरलं. "माझ्या नातीला टोचा."

"कुठलं घर?" रंगनाथनं विचारलं. "लीनाबाईंच्या शेजारचं? तिथं खूण होती, बाई. मी स्वतः पाहिली. एकाच माणसाला दोनदा टोचत नाहीत."

हलगी थांबली होती. गाड्याजवळची माणसं वळून बघत होती आणि त्यांत दगडाबाई होती. मास्तरही धापा टाकत येऊन पोचले होते. ख्रिस्ती होऊनही कोंबडं कापणाऱ्यांना मास्तरांनी किती तरी वेळा भर सभेत झाडलं होतं. मुक्ताबाईंनी मान खाली घातली, मग वर केली.

"तो गेरू न्हवं. कोंबड्याचं रगत हुतं. म्या कापलं, म्याच लावलं. तुमी आला तवा म्या आतच हुते, पोरीचं तोंड दाबून."

रंगनाथनं पेटी उघडली, सुई स्पिरिटच्या दिव्यावर धरली. कृपानं बोंब ठोकली. ती बोंब ऐकून मुक्ताबाई रस्त्यातच मटकन बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग त्यांनाही टोचलं. लस अंगी लागेपर्यंत पाणी उकळूनच द्या, असं रंगनाथनं बजावलं.

दगडाबाई जवळ येऊन खाली बसली, थोरलीच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग हळूच म्हणाली, "आक्का, मंग तू बी कोंबडंच कापलंस व्हय." आणि गाड्याकडे बोट करून, "आमच्या बयेनं धरून ठिवला बघ तुझा देवदूत."

मुक्ताबाईंनी कृपाला उचलून पुन्हा पाठीशी बांधलं.

पुढचे दिवस त्यांनी चुलीपुढं काढले. गोवऱ्या संपल्या तेव्हा दगडाबाईनं पाटी आणून ओतली. आळीतली आणखी दोन माणसं गेली. कृपा राहिली.

त्यानंतर रविवारी मुलांना सांगताना मुक्ताबाईंचा देवदूत बदलला. त्याला पंख नसतात, त्या सांगत. खाकी पेटी असते, बोटांना गेरू असतो, अंगाला स्पिरिटचा वास येतो. तो दारात आला की दार उघडायचं असतं. त्याला कोण पाठवतं, असं मुलं विचारत. देव पाठवतो, त्या ठामपणे म्हणत.

"आन् त्याला शिवेवर थांबिवलं कुनी?" एकदा कृपानं विचारलं.

मुक्ताबाईंनी शांतवन मास्तर आसपास नाहीत ना ते पाहिलं, पदर खोचला आणि आता पुरे, घरी जा, तुमच्या आया वाट बघत असतील, म्हणाल्या.