पुलावरचं लाल फडकं

रविवारी सकाळी अख्खं धुळं टीव्हीपुढे हात जोडून बसायचं, ते दिवस. मी मूळचा फैजपूरकडचा. नोकरीसाठी धुळ्याला आलो आणि एका हायस्कुलात गणित शिकवू लागलो. आम्हा पाच शिक्षकांपैकी कुणाकडेच टीव्ही नव्हता. म्हणून स्काउटच्या शिबिरात शिकलेला एक खेळ मी काढला. मी गावाबाहेर चिठ्ठ्या लपवायच्या, प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या जागेचं कोडं, आणि बाकीच्या चौघांनी चालत चालत त्या शोधायच्या. शेवटची चिठ्ठी ज्याच्या हाती लागेल त्यानं आठवडाभर स्टाफरूममध्ये मिरवायचं. बक्षीस एवढंच.

चित्रकलेचे सर लागोपाठ चार रविवार जिंकले. कोडी मी गणितं घालून रचायचो, आणि या गृहस्थांना तेराचा पाढा धड येत नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी चिठ्ठ्या ठेवायला जातो तेव्हा हा माणूस माझ्या मागावर असणार, अशी माझी खात्रीच झाली. आता माझा स्वभावच तसा आहे. दूधवाला जरा जास्त गोड हसला तरी मी दूध दोनदा हुंगून बघतो.

तेव्हा मी ठरवलं, शेवटची चिठ्ठी अशा जागी ठेवायची की आधी येऊन चोरून बघायची कुणाची छातीच होऊ नये.

गावाबाहेरच्या तलावावर एक जुना दगडी पूल होता. पलीकडच्या वस्तीतले लोक दूध आणि भाजी घेऊन त्याच पुलावरून शहरात येत. पुलाच्या तोंडाशी एक विधवा बाई शेगडी मांडून मक्याची कणसं भाजायची. साक्रीकडून आलेली, मागेपुढे कुणी नाही. त्या जागेवरच तिचं पोट होतं. रविवारी सकाळी मी पुलाच्या मधोमध कठड्याच्या कोनाड्यात लाल फडक्याचं गाठोडं ठेवलं. आत एक लिंबू, हळदकुंकू, नारळाची वाटी आणि त्यांच्याखाली चिठ्ठी. कुणीही म्हणावं, उतारा आहे. आपल्याकडे उताऱ्याला पाय लागू देत नाहीत, हात लावणं तर दूरच.

चौघे आले, कोडं सोडवत बरोबर कोनाड्यापाशी पोचले आणि तिथेच थबकले. विज्ञानाचे सरसुद्धा हात मागे बांधून उभे राहिले. मी पोट धरून हसलो आणि सगळं फोडून सांगितलं. कुणीच हसलं नाही. "तुम्ही आमच्यावर पाळत ठेवता काय?" असं म्हणून चित्रकलेचे सर तरातरा निघून गेले. मग मलाही राग आला. गाठोडं तिथेच राहू दिलं. म्हटलं, बघू तरी, आठवड्यात गुपचूप येऊन कोण उघडतंय.

गुरुवारी दूधवाला उशिरा आला. आल्याबरोबर म्हणाला, "मास्तर, पुलवर उतारा ठेवेल शे. मन्ही म्हैस दूध चोरी राह्यनी."

"कुणी ठेवला?" माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

"आजून कोन? ती कणीसवाली. रोज तठेच बसस ती. शनिवारले तिले उठाडी देतस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शाळेत हसं होईल, मुख्याध्यापक बोलावतील, गणिताचा मास्तर लिंबू-नारळ ठेवत फिरतो म्हणतील, अशी भीती वाटली. दोन दिवस मी गप्प बसलो. त्या दोन दिवसांची लाज मला अजून वाटते.

शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल हाणत पुलावर गेलो. दहा-बारा माणसं तिच्याभोवती उभी होती आणि एकानं शेगडी उचलायला वाकून हात घातला होता. ती नुसती कणसांची पाटी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"थांबा," मी ओरडलो, "ते गाठोडं मी ठेवलंय."

मी कोनाड्यातून गाठोडं आणलं, सोडलं, चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. एक म्हातारे आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुम्हनं मन मोठं शे. पन तिनासाठे खोटं कसाले बोलतस?"

एवढं खरं बोलून ही गत. माझं डोकंच फिरलं. मी ते सुकलेलं लिंबू कुंकवासकट तोंडात घातलं आणि सालीसकट चावून गिळलं. वर खोबरंही खाल्लं. दोघे-तिघे मागे सरकले. मग ते आबाच म्हणाले, "बरं, उद्या देखू."

म्हणजे मी उद्या धडधाकट दिसलो तर शेगडी राहणार, नाही तर उठणार. माणसं पांगली. मी तिला विचारलं, "मी ठेवताना तुम्ही पाहिलं होतं का?"

"देखं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

ती निखारे सारखे करत म्हणाली, "मास्तर उतारा ठेवस आसं मी सांगसू, तं कोन मानी?"

रविवारी पहाटे मला थंडी वाजून ताप भरला. शाळेत आठवडाभर तापाची साथ होती, माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण हे पुलावर कुणाला सांगणार? गोळी घेतली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो. मी गेलो नसतो तर दुपारपर्यंत तिची शेगडी तलावात गेली असती.

पुलावर सगळे हजर होते. दूधवाला किटली खाली ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होता. मी हसत गेलो, दोघा-तिघांची विचारपूस केली, आबांना म्हशीचं दूध वाढवायचा उपायसुद्धा विचारला. मग बाईसमोर बसून म्हणालो, "एक कणीस द्या, चांगलं मीठ-लिंबू लावून." लोक हसले. सुटलो, असं वाटलं.

तिनं कणीस माझ्या हातात दिलं. देताना तिची बोटं माझ्या तळव्याला लागली. ती अगदी हळू म्हणाली, "मास्तर, तुम्हले ताप शे."

मी तिच्याकडे पाहिलं. मग कणसाकडे पाहिलं, त्यावर चोळलेल्या लिंबाकडे पाहिलं. चारचौघांत कुंकवाचं लिंबू चावून खाणारा मी, ते कणीस तोंडाशी नेता नेता थांबलो. क्षणभरच, पण तिची नजर माझ्या हातावर होती. मग खाल्लं, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं, आणि लोक आपापल्या वाटेनं गेले.

तिची शेगडी राहिली. म्हशीनं दूध देणं पुन्हा सुरू केलं, लोक पुन्हा कणसं घेऊ लागले. आमचा रविवारचा खेळ मात्र बंद पडला तो पडलाच. पुढे जळगावला बदली होईपर्यंत मी त्या पुलावर कितीदा तरी गेलो. ती माझी चौकशी करायची, माझ्यासाठी कोवळं कणीस निवडून भाजायची. इतरांना हातात द्यायची. माझं मात्र पानावर ठेवायची, मीठ आणि लिंबू शेजारी वेगळं मांडायची आणि म्हणायची, "तुम्हीच लावी ल्या, मास्तर."