कपारीतल्या देवीची ओटी

आमच्या घरामागे विहीर खणायला घेतली ती आईच्या हट्टापायी. धसईच्या पलीकडे आमचा पाडा. पाऊस म्हणाल तर कौलं फोडणारा, आणि होळी झाली की पाणी फक्त ओढ्याच्या डबक्यात. आई तिथून चढण चढून हंडे आणायची. अंघोळ दोन तांब्यांत, भांड्यांचं पाणी भेंडीला. दारात पाणी हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

खाली काळा कातळ लागला. सुरुंग लावला, धूर निवला आणि वडील खाली उतरले ते ओरडतच वर आले. कातळात एक कपार उघडली होती. आत पांढऱ्या सुयांचा गड्डा आणि कैरीच्या फोडींसारखे हिरवट खडे. ऊन पडलं की डोळे दिपायचे. शाळेत नुकतंच शिकलेलं मी ठोकून दिलं, "हे स्फटिक. खनिज असतं ते."

"मास्तरांच्या विहिरीत निघाला तर खनिज," वडील म्हणाले. "आपल्या विहिरीत निघाली ती देवी."

झालं! काम बंद. देवीवर पहार कोण घालणार? आसपासच्या पाड्यांवरच्या बाया नारळ घेऊन शिडीने उतरू लागल्या. वडील काठावर खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला चहा सांगू लागले. चहाचं पाणी अर्थात ओढ्यावरून. विहीर खणायला घेऊन आईच्या खेपा दुप्पट झाल्या! मला हसू आवरत नव्हतं, पण तिच्यासमोर हसायची छाती नव्हती.

काही दिवस तिने दातओठ खाल्ले. मग एका मंगळवारी, ऐन गर्दीत, ठेवणीतलं लुगडं नेसून ती खाली उतरली. खण, नारळ, तांदूळ घालून देवीची ओटी भरली. मग सुरुंगाने सैल झालेला तो गड्डा अलगद काढून पदरात घेतला आणि वर आली.

"अगो, देवीला कुठं नेतेस?" वडील किंचाळले.

"ओटी भरली ना? ओटी भरल्यावर माहेरवाशिणीला कोण अडवतं? चालली ती देव्हाऱ्यात." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. "आता तुमी पहार घ्या."

वडिलांनी खुर्ची बाजूला सारून पहार घेतली. थोडं खाली गेल्यावर पाणी लागलं. गाळ बसल्यावर आईने पहिला हंडा शेंदला आणि तिथेच, लुगड्यासकट, डोक्यावर ओतून घेतला. लगेच दुसरा. तिच्या अंगात आलं की काय, म्हणून वडील घाबरले.

"काय झाला गो?"

"कायी नाय," आई निथळत म्हणाली. "अख्खा हंडा अंगावर कसा लागतो, ते बघते."