केळ्याचा वास, तिसऱ्यांदा

आमच्या रत्नमालाइतकी हट्टी बाई अख्ख्या भंडाऱ्यात सापडायची नाही. ती आंधळगावची. आम्ही दोघी इथल्याच एका मुलींच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. ती शांत, मी तोंडाळ.

गेल्या वर्षी आमच्या लॅबच्या नालीचा पाइप फुटला. वर्षानुवर्षं ओतलेल्या सल्फ्युरिक ॲसिडनं तो खाऊन टाकला होता. प्राचार्य मधुकररावांनी सांगून टाकलं, नालीत ॲसिड जाणार असेल तर प्रॅक्टिकल बंद, पोरींना नागपूरला पाठवा. माझं डोकंच फिरलं. करडीसारख्या खेड्यातल्या पोरी इथवर येतात तेच घरी भांडून, नागपूरला त्यांना कोण जाऊ देतो?

रत्नमाला भांडली नाही. राइस मिलमधून भुशाची राख घेऊन आली. ती शुद्ध करून तिच्या कणांवर तिनं ॲसिड असं पक्कं बसवलं की सुटून यायचं नाव नाही. "हे घन ॲसिड," ती मला म्हणाली. "काम करते, पण खर्ची पडत नाही. गाळायचं, धुवायचं, परत वापरायचं. नालीत काही जातच नाही."

आमच्या प्रॅक्टिकलमध्ये ॲसिटिक ॲसिड आणि एक ठराविक अल्कोहोल त्या भुकटीबरोबर तापवलं की पिकलेल्या केळ्याच्या वासाचं एस्टर तयार होतं. पहिल्यांदा व्हरांडाभर घमघमाट! तीच भुकटी दुसऱ्यांदा वापरली, तर नुसता व्हिनेगरचा आंबूस वास.

"एकदाच चालणारं काय कामाचं?" पाहायला आलेले मधुकरराव म्हणाले. "उद्या शेवटचं पाहतो. तीनदा चाललं तरच."

ते गेले आणि मी तिच्यावरच उखडले. "धुतल्यावर भुकटी वाळवली होती ना नीट?"

"हो ना! दिवसभर गच्चीवर. हातात घेऊन पाहिली, खडखडीत..." बोलता बोलता ती थांबली आणि कपाळावर हात मारून हसत सुटली. "अगं, मी धान वाळवून राहिली होती का वं!"

हाताला कोरडी लागली तरी कणांत पाणी उरतं, आणि पाणी असलं की ही रिॲक्शन उलटी फिरते. एवढी शिकलेली बाई, पण सवय शेतातली. मग भुकटी थेट ओव्हनमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव समोर खुर्ची टाकून बसले. तीच भुकटी, पहिल्यांदा केळी. गाळली, धुतली, ओव्हनमध्ये घातली. दुसऱ्यांदाही केळी. तिसऱ्यांदा मात्र मी नाक पुढे करूनच उभी राहिले. फ्लास्कमधलं गाळून तिनं त्यात उरलेला आंबूसपणा मारायला खायच्या सोड्याचं पाणी घातलं, फेस उसळला, खाली बसला.

आणि आला केळ्याचा वास! असा भसकन आला की मधुकरराव उठूनच उभे राहिले. दोनदा हुंगलं त्यांनी, मग म्हणाले, "प्रॅक्टिकल चालू ठेवा, मॅडम."

मी ओरडलेच, लाजबिज काही वाटली नाही. सकाळपासून उभी असलेली रत्नमाला मटकन स्टुलावर बसली. डोळे वाहत होते आणि ती मोठ्यानं हसत होती.

"माह्या पोरी इथंच शिकतीन," ती म्हणाली. "इथंच!"