न विचारता हलवलेलं खुराडं

लेकीच्या बाळंतपणाला गेलेली इन्शिराह नातवाच्या सातव्या दिवसाचा सोहळा आटोपून नाईलकाठच्या दसूकला परतली, ती पिशव्या दारातच टाकून थेट गच्चीवर निघाली. "अगं, आधी चहा तरी घे," असं तिच्या नवऱ्याने, अब्दुल-मौगूदने, खालून दोनदा म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला चहाचा आग्रह कधी केला नव्हता. तिथेच तिला शंका यायला हवी होती.

वर खुराडं जागेवर नव्हतं.

पूर्वेच्या कठड्याला लागून, वाऱ्याच्या आडोशाला जिथे ते इतकी वर्षं उभं होतं, तिथे आता कमरेएवढ्या विटांच्या भिंती उभ्या होत्या. सिमेंटच्या गोण्या, वाळूचा ढीग, वाकड्यातिकड्या सळ्या. खुराडं सापडलं ते गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या गंजक्या तबकड्या, आणि मध्ये ते कलतं, कसंबसं कोंबलेलं. दार टाकीकडे. आत कोंबड्यांनी बसायची दांडी एका टोकाने निखळून खाली लोंबत होती.

तेवढ्यात तिचा धाकटा दीर शौकी हातातली थापी झटकत जिन्यातून वर आला. "आलीस का वहिनी! देवाची कृपा. बाळ कसं आहे?"

"बाळ बाळाच्या जागी आहे. माझं खुराडं कुठे आहे?"

"ते काय, समोर तर आहे! बासिमला खोली बांधतोय. ईद झाली की पोराचं लग्न. जागा नको?"

"मला विचारलंस?"

"तू होतीस कुठे विचारायला?"

"फोन मेला होता?"

शौकी हसला. "वल्लाही वहिनी, कोंबड्यांसाठी फोन करायचा? खुराडंच ते. मी काय तुझा दिवाणखाना उचलून नेला?"

ते हसणं इन्शिराहच्या जिव्हारी लागलं. खोली बांधायला तिची ना नव्हती. बासिमला तिने कडेवर खेळवलं होतं. त्याने गच्चीच काय, तिचा पलंगही मागितला असता तर तिने उचलून दिला असता. पण मागायला तर हवं होतं.

ती या घरात आली तेव्हा शौकी नाक पुसायलाही शिकला नव्हता. सासूने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "खालचं घर माझं, वरची गच्ची तुझी. खाली लुडबुड करायची नाही, वर मी येणार नाही." सासू शब्दाची पक्की होती. मरेपर्यंत ती गच्चीवर फिरकली नाही. इन्शिराहने माहेराहून टोपलीभर पिल्लं आणली, जुन्या दारांच्या फळ्या जोडून खुराडं केलं, आणि त्या कोंबड्यांवर घर पोसलं. पगार उशिरा यायचा, अंडी वेळेवर यायची. मग पक्ष्यांच्या तापाचं ते वाईट वर्ष आलं. गच्च्यांवरच्या कोंबड्या मारून टाका, असा हुकूम निघाला. गल्लीतल्या बायका रडल्या, कुणी पलंगाखाली लपवल्या. इन्शिराहने सुरी घेतली, बिस्मिल्ला म्हणत एकेक कोंबडी स्वतःच्या हाताने कापली. पुढे किती तरी काळ खुराडं रिकामंच उभं होतं. पुन्हा पिल्लं आणायचा धीर व्हायलाच तिला वेळ लागला. तेव्हाही कुणी त्या खुराड्याला हात लावला नव्हता. आणि आता हा शौकी, याच गच्चीवरच्या अंड्यांवर ज्याचा पिंड पोसला, तो तिला विचारत होता, फोन कशाला करायचा म्हणून!

सूर्य नदीपलीकडे कलला तशा कोंबड्या निघाल्या. पुढे नाझिरा, काळी, उघड्या मानेची म्हातारी. शाळेच्या नाझिरेसारखी, म्हणजे मोठ्या बाईंसारखी, सगळ्यांवर डोळे वटारायची, म्हणून इन्शिराहने तिला हे नाव दिलं होतं. मागे चंदेरी ठिपक्यांची फय्यूमी, मग बाकीच्या तांबड्या. सगळ्या गच्ची ओलांडून सरळ पूर्वेच्या कठड्याशी गेल्या. जिथे दार होतं तिथे नवी भिंत. नाझिराने मान तिरकी करून भिंतीकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. मागच्या सगळ्या थांबल्या. शेवटी ती उडी मारून सिमेंटच्या गोणीवर चढली, आणि बाकीच्यांनीही गोण्या आणि अर्धवट भिंती धरल्या.

"हे बघ! आठवडाभर हाच तमाशा चाललाय," शौकी करवादला. "सगळं सिमेंट घाण केलं. वहिनी, शिकव की यांना."

"मी?" इन्शिराह जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि तिने पदर आवळावा तशी शाल आवळली. "ज्याने हलवलं त्याने झोपवावं."

शौकीलाही चेव आला. त्याने खराटा उचलला. एका बाजूने हुसकावल्या की कोंबड्या दुसऱ्या बाजूने परत. एकीला खुराड्यात ढकललं की आतली बाहेर. फय्यूमीला कोपऱ्यात गाठून त्याने झडप घातली, तर ती त्याच्या डोक्यावरून उडाली, कठडा ओलांडून खाली गेली आणि गल्लीतल्या भजीवाल्याच्या गाडीच्या ताडपत्रीवर धपकन आदळली.

खालून भजीवाला ओरडला, "शौकी! तळून देऊ का कच्चीच नेतोस?"

गल्ली हसली. समोरच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बायका कपडे काढायचं विसरल्या. शौकी लाल होऊन खाली धावला, आणि फय्यूमीला बगलेत मारून परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर ती आपला निषेध नोंदवून मोकळी झाली होती. इन्शिराह हसली नाही. अंधार पडू दिला की कोंबडीला डोळा नसतो, मग ती हातात चिमणीसारखी येते, हे तिला ठाऊक होतं. सांगायला तिची जीभ वळली नाही.

"बसू देत तिथेच!" म्हणून शौकीने खराटा फेकला.

असेच काही दिवस गेले. रोज संध्याकाळी कोंबड्या जुन्या जागी जात, रोज शौकी थोडा वेळ शिव्या घाली आणि सोडून देई. इन्शिराह पायरीवर बसून बघे. मग एका सकाळी ती दाणे घेऊन वर गेली, तर वाळूवर चंदेरी पिसं पसरलेली. अर्सा येऊन गेली होती. मुंगसासारखं हे लांबट जनावर दसूकच्या जुन्या भिंतींतून फिरतं आणि बोटभर फट मिळाली तरी पुरते. इथे तर उघडी गच्ची. फय्यूमी ओल्या गिलाव्यात पडली होती. गळ्याला दोन लहान भोकं, बाकी अंग जसंच्या तसं. खाल्लं नव्हतं, नुसतं मारलं होतं.

शौकीच्या घरी न्याहारी चालू होती. अब्दुल-मौगूदही तिथेच बसून भावाबरोबर घेवड्याची उसळ खात होता. इन्शिराह आत आली आणि तिने मेलेली कोंबडी उसळीच्या थाळीशेजारी ठेवली.

शौकीची बायको नगात दचकून उठली. शौकीचा घास हातातच राहिला. "हे काय वहिनी, खाण्याच्या ताटाशी!"

"घे. तुझी आहे. तुझ्या हट्टाची आहे."

"अर्सा काय मी बोलावली?"

"खुराड्याला दार कशासाठी असतं रे? ती दाराच्या आत असती तर आज अंडं देऊन ओरडत असती."

अब्दुल-मौगूद समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, एका कोंबडीसाठी घरात फूट नको. तो लहान आहे..."

"पन्नाशीला आलाय तो! आणि तुम्ही, वफाचे बाबा, तुम्ही तर घरात होता. तुम्ही कसं हलवू दिलं?"

अब्दुल-मौगूद उसळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एकट्याला उचलत नव्हतं. दुसरी बाजू मी धरली होती."

इन्शिराहचा चेहरा असा झाला की नगातने नकळत तिच्यासाठी खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

"वा!" ती म्हणाली. "शौकीला मी परकी. त्याचं एक वेळ सोडा. तुम्ही रोज सकाळी त्या कोंबड्यांचं अंडं खाता, कडक झालं तर तोंड वाकडं करता. तुम्हालाही वाटलं नाही की हिला एक शब्द टाकावा? तुम्ही गप्प राहता म्हणून घर एकत्र राहिलं असं तुम्हाला वाटतं. तुम्ही गप्प राहता म्हणून जो येतो तो माझं उचलून बाजूला ठेवतो. शौकी, मला जोवर तोंडाने विचारत नाहीस, तोवर बासिमच्या लग्नाच्या जेवणाची बदकं माझ्या हातून तांदळाने भरली जाणार नाहीत. सुनेला पहिल्या रात्री पाव आणि चीज वाढा!"

आणि ती कोंबडी उचलून निघून गेली. तिने ती परसातल्या लिंबाखाली पुरली.

दिवसभर ती धुमसत होती. पण दुपार कलली तशी एक गोष्ट तिच्या मनाला डसायला लागली. भांडण तिचं आणि शौकीचं, आणि जीव गेला तो फय्यूमीचा. पायरीवर हाताची घडी घालून बसणारी तीच होती. त्या संध्याकाळी ती पायरीवर बसली नाही. कोंबड्या गोण्यांवर स्थिरावल्या, उजेड विझला, तेव्हा तिने एकेकीच्या छातीखाली हात घातला, पाय बोटांत धरले आणि अलगद उचललं. त्या झोपाळू आवाजात कुरकुरल्या तेवढंच.

खुराड्याशी पोचली तर दार धरून नगात उभी. धाकट्या जावेची चाहूलही तिला लागली नव्हती.

"द्या ताई. मी आत ठेवते."

"नवऱ्याने पाठवलं?"

"त्याला कळलं तर पाय मोडेल." नगातने नाझिराला घेतलं आणि दांडीवर ठेवलं. निखळलेलं टोक तिने आधीच सुतळीने बांधून ठेवलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "नवरीकडचं कपाट यायचंय. ते माझ्या खोलीत ठेवायचं ठरलंय. मी आणि माझं शिवणयंत्र बाहेरच्या ओट्यावर. मला काल भजीवाल्याकडून कळलं."

"भजीवाल्याकडून?"

"त्याच्या गाडीवरून कपाट आणणारेत ना."

इन्शिराहने तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिला हसू आलं, पण ते तिने ओठांतच दाबलं. "मग तू काय म्हणालीस?"

"अजून काही नाही. तुम्ही कोंबडी ताटाशी ठेवलीत तेव्हापासून विचार करतेय, मी काय ठेवू."

पुढचे काही दिवस इन्शिराहने कोंबड्यांना बाहेर सोडलंच नाही. दाणा, पाणी, बरसीमचा चारा, सगळं आत. नवं घर अंगवळणी पडायचं तर कोंबडीला त्यात कोंडून ठेवावं लागतं, दुसरा उपाय नाही. नाझिरा जाळीला चोच मारून शिव्या देत होती आणि इन्शिराह तिला म्हणत होती, "मला कशाला? त्याला दे." मग तिने त्यांना दिवस मावळायच्या थोडं आधी सोडलं. चार तांबड्या जरा चरल्या आणि खुराड्याजवळ घुटमळल्या. पण दार टाकीच्या सावलीत. बाहेर उजेड असतानाच आत काळोख. त्या मान आत घालत आणि मागे सरत. दार पूर्वेला फिरवल्याशिवाय भागणार नव्हतं, आणि ते धूड एकटीने हलणारं नव्हतं. कुणाला हाक मारायची नाही, हे तर तिने ठरवूनच टाकलं होतं. ती रोज काळोख होईपर्यंत थांबे आणि एकेकीला उचलून आत ठेवी. कंबर मोडायची, तरी ठेवी.

खाली नगातने विचार पूर्ण केला होता. एका सकाळी शौकीने चहा मागितला, तर तिने रिकामा पेला त्याच्यासमोर ठेवला. "गच्चीवर जाऊन ये. मग चहा. आणि आल्यावर माझ्या खोलीचंही बोलायचंय."

"तिने शिकवलं तुला हे!"

"हो. तुला कुणी शिकवलं नाही, हाच तर घोळ आहे."

शौकीने दोन दिवस चहा भजीवाल्याच्या गाडीवर प्यायला. तिसऱ्या दिवशी भजीवाल्यानेच विचारलं, "घरी कुणी वारलं काय रे?" त्या संध्याकाळी तो वर आला. मागे अब्दुल-मौगूद, काही चुकलेलं पोर उभं राहतं तसा.

इन्शिराह दाणे टाकत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"वहिनी," शौकी म्हणाला, "दार कुठल्या बाजूला फिरवू?"

"हे दाराचं झालं. आधीचं विचार."

शौकीने भावाकडे पाहिलं. भावाने पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता इन्शिराहकडे पाहिलं आणि म्हटलं, "मीही विचारायला हवं होतं. मी तर आधी."

"विचारायला हवं होतं," शौकी पुटपुटला.

"कुणाला?"

"तुला, वहिनी. तुला!"

"हं. ओरडू नकोस, कोंबड्या बिथरतात. दार पूर्वेला. खाली विटांचा थर घाल, टाकीचं पाणी झिरपतं. आणि कलतं ठेवू नकोस, त्या काय बोटीत झोपतात?"

दोघा भावांनी ते उचललं. तिने आणखी हातभर सरकवायला लावलं. मग अर्धा हात मागे. मग पुन्हा उचलून विटा सारख्या करायला लावल्या. शौकीच्या कपाळावरून घाम गळत होता. दार फिरलं, मोकळ्या गच्चीवरचा फिकट उजेड आत दांडीपर्यंत पोचला. चारही तांबड्या एकीमागून एक आत गेल्या आणि जागेवरून कुरबुरत सरकासरकी करू लागल्या. नाझिरा मात्र बासिमच्या खोलीच्या भिंतीशी उभी होती. इन्शिराहने तिला बोलावलं नाही. बराच वेळ गेला. मग ती म्हातारी संथपणे गच्ची ओलांडून आली, दाराशी थांबली, शौकीच्या पायाकडे एका डोळ्याने पाहून घेतलं आणि आत चढली.

इन्शिराहने कडी लावली.

शौकीने कपाळ पुसलं. "आता गेला ना राग?"

"जाईल कुठे? तोही याच घरात राहतो," ती म्हणाली. "हात धू. आणि नगातला सांग, लग्नाची बदकं मीच भरणार, तांदूळही मीच भिजत घालेन. कपाटाचं मात्र तिच्याशी बोल. माझ्याशी नाही."