मोहाच्या झाडाच्या प्रती

रिटायर झालं की फायली सुटतात, किस्से मात्र साठत जातात. आमच्या नामदेव चित्रकाराचे तर माझ्याकडे गठ्ठेच आहेत. हा माणूस एसटीनं जिल्हाभर हिंडून झाडं काढतो, ती लाकडावर कोरतो आणि छापतो. महागावजवळच्या त्याच्या गावफाट्यावरचं मोहाचं झाड मात्र तीस वर्षांत एकदाही मनासारखं जमलं नव्हतं. त्यात रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडावर लाल नंबर पडला. नामदेवची झोप उडाली.

*

छापायला प्रेस हवा. आमचा मित्र सलीमभाई वेल्डर. त्यानं रसवंतीचा जुना चरक जोडून प्रेस करून दिला. त्यावर पहिला मोह छापून भिंतीवर टांगला. सकाळी पाहतो तर कागदावर मुंग्यांची रांग!

“देखो नामदेवभाऊ,” सलीमभाई म्हणाला, “मुंग्यायनं त झाड वळखलं!”

*

मुकुटबनकडच्या शिवारात नामदेव टेकडीची रेघ ओढत बसला होता. मागं एक शेतकरी बराच वेळ उभा. त्याला वाटलं, रस्त्याची मोजणी आली.

“साहेब, रेघ जराशी तिकून न्या ना. तिकडं माह्या भावाचं वावर हाय!”

नामदेवनं खोडून तिकडून नेली. म्हणे, चित्र सुधारलं.

*

मग मोह पुन्हा कोरला, सागाच्या फळीवर. फळीला शाई लावून नामदेव हात धुवायला गेला. त्याच दिवशी मुलीला पाहायला पाहुणे आलेले. त्यांच्यातले मामा फळीला पाट समजून टेकले. उठले तेव्हा पांढऱ्या पायजम्यावर फांद्यांसकट मोह!

नामदेव मागून निरखत राहिला. “आतापर्यंतची सगळ्यात चांगली प्रत,” म्हणाला.

वहिनी आतून म्हणाल्या, “मंग त्यायले जाऊ देऊ नका!”

सोयरीक जमली.

*

झाड पडलं त्या दिवशी आम्ही तिघंही फाट्यावर होतो. बुंधा उपटायला जेसीबी तयारच. “दहा मिनिटं थांब रे बापा,” म्हणून नामदेवनं ड्रायव्हरपुढे हात जोडले. बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर रोलरनं शाई फिरवली, कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीनं घासत बसला. सलीमभाईनं अन् मी कोपरे धरले.

कागद उचलला. वर्तुळात वर्तुळं, थेट मधल्या ठिपक्यापर्यंत.

“जमला,” नामदेव म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. खिशातून पेन्सिल काढून तो सही करायला वाकला.

झाड कापणारा माणूस मशीन खांद्यावर घेऊन केव्हाचा पाहत होता.

“काका, तुमी काहून सही करून राह्यले?” तो म्हणाला. “झाड त म्या पाडलं!”

नामदेवनं पेन्सिल त्याच्या हातात दिली.