तडकलेली पुंगळी

चूक माझीच. सौदीत हुफूफला ड्रायव्हर म्हणून नवा आलो, तेव्हा कफिलासमोर, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो त्या मालकासमोर, फुशारकी मारली, की कोकणात अब्बांची रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक आहे, आणि ती ठासायचो मीच! कफील शिकारीचा शौकीन, रायफलीची काडतुसं घरीच भरणारा. त्या दिवसापासून माझा सुट्टीचा शुक्रवार गेला. जुम्म्याची नमाज पढून आलो की त्याच्या मागच्या खोलीत उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या निवडत बसायचं. केसाएवढी चीर दिसली तरी पुंगळी बाद, कारण ती पुन्हा भरली तर बार उडताना फाटते. भरतो तो स्वतः, पण निवडायला त्याला माझेच डोळे लागतात.

यंदा बहिणीचा निकाह ठरला. सुट्टी मागितली, तर म्हणाला, "शिकारीचा मोसम संपू दे."

माझं डोकं फिरलं. एक तडकलेली पुंगळी मी मुद्दाम चांगल्या पुंगळ्यांत टाकली. पण मेला हात राहीना, लगेच तीच शोधून बाहेर काढली.

त्याने नेमकं तेवढंच पाहिलं. खूश होऊन माझी पाठ थोपटली.

"बघ, म्हणूनच तुला सोडवत नाही."