पेंटरकाकांचं तिरकं अक्षर

कर्जतला माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि ते चालतं एका अक्षराच्या जिवावर. जाड, तिरकं, कुठेही नक्षी नाही, सगळीकडे सारखीच जाडी. लोक त्याला माझा फॉन्ट म्हणतात. मीही कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

ते अक्षर मिरजगावच्या एका पेंटरकाकांचं. ते टेम्पोवर नावं रंगवायचे. अक्षर पुढे झुकलेलं, पण तोल सांभाळून. कमरेवर भरली घागर घेतलेल्या बाईसारखं. एकदा हायवेवर चहाला थांबले, तर समोर त्यांनी रंगवलेले तीन टेम्पो उभे. ड्रायव्हर चहा संपवून निघून जातील म्हणून मी कशीबशी खाली वाकून, एका बाजूने, मोबाईलवर फोटो काढले. घरी कॉम्प्युटरवर एकेक अक्षर गिरवलं. त्यांना विचारायला मिरजगाव काही लांब नव्हतं. पण विचारलं की समोरचा नाही म्हणू शकतो. मला ते नको होतं, इतकं साधं आहे.

फॉन्ट चालला. रसवंती, दूध डेअरी, क्लासेस, सगळ्यांना तोच हवा. एकदा संगमनेरला एका हॉटेलवर दिसला तेव्हा मी चक्क फुशारले.

गेल्या नाताळाच्या आधी पेंटरकाका स्वतः दुकानात आले. गावच्या चर्चचा नाताळचा बोर्ड दरवर्षी तेच रंगवायचे.

"ताई, यंदा फ्लेक्सच करा," ते म्हणाले.

"तुम्ही का नाही रंगवत, काका?"

"हात गेला माजा. गिऱ्हाईक म्हनायचं, फ्लेक्सवर हाय तसंच काडा. म्हनलं, हे तर माज्याच वळनाचं हाय, त्यात काय. पन तेवढं तिरकं काय जमंना. लई येळा पुसलं. मग ठिवून दिला बरश."

ते पाणी पीत होते तेवढ्यात मी जुने फोटो उघडले. पहिल्यांदाच नीट पाहिलं. फोटोत टेम्पो कललेला होता, मागचा विजेचा खांबही कललेला होता. मी त्यांच्या अक्षरासोबत माझ्या वाकड्या मोबाईलचा कलही गिरवला होता. त्यांचा हात कुठेच गेला नव्हता.

फोटो झटकन बंद केला. मला माझीच किळस आली.

मी बोर्डाचा मजकूर त्याच फॉन्टमध्ये टाईप केला. काका स्क्रीनकडे बघत होते. "तुमचं बगा कसं एकसारखं. मशीन थोडंच चुकतंय?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"नाही चुकत," मी म्हणाले आणि बोर्ड छापायला टाकला.

छापून झाल्यावर मी तो टेबलावर पसरला. काकांनी खिशातून चष्मा काढला. मग अक्षरांवरून, न टेकवता, बोट फिरवत ते तो तिरकेपणा हळूहळू शिकत राहिले.